लेखापाल परवाना परीक्षा: चुकांची स्वतंत्र वही ठेवावी

व्यावसायिक लेखापालाच्या परवाना परीक्षेची तयारी करताना सोडवलेले उदाहरण पुन्हा वाचून काढण्यापेक्षा, उत्तर झाकून ते कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सोडवणे कितीतरी अधिक उपयुक्त ठरते. कारण वाचताना प्रत्येक पायरी ओळखीची वाटते, पण ती परीक्षेत आपली आपल्याला सुचेलच असे नाही. उत्तर चुकले तर नुसती फुली मारून पुढे जाऊ नये. नेमके कुठे चुकले, हे वहीत एका वाक्यात लिहून ठेवावे. समजा, ऋणकोंकडून (म्हणजे उधारी देणे असलेल्यांकडून) 5,00,000 रुपये येणे आहे, त्यावर 5 टक्के बुडीत व संशयित कर्ज निधी (म्हणजे वसूल न होऊ शकणाऱ्या उधारीसाठीची तरतूद) ठेवायचा आहे आणि जुना निधी 18,000 शिल्लक आहे. नवा निधी 25,000 होतो. परंतु वर्षभरात प्रत्यक्ष बुडीत कर्ज नसेल, तर नफा-तोटा खात्याला केवळ वाढीव 7,000 (खर्च म्हणून) नावे पडतात, आणि ताळेबंदात मात्र ऋणकोंमधून पूर्ण 25,000 वजा होतात. येथे गफलत झाल्यास ‘हिशेब चुकला’ असे मोघम न लिहिता ‘जुना निधी वजा केला नाही’ असे स्पष्ट लिहावे. आठवड्याच्या शेवटी ही वही चाळली की सराव नेमका कुठे वाढवायचा, ते आपोआप कळते.

वेळेचे गणितही सरावातच बसवावे. तीन तासांच्या 100 गुणांच्या पेपरात 20 गुणांच्या प्रश्नाला 36 मिनिटे येतात. तेवढ्यात ताळेबंद जुळला नाही, तर फरक शोधत न बसता पुढचा प्रश्न घ्यावा, कारण लेखी उत्तरात बरोबर पायऱ्यांनाही सहसा गुण असतात.