निफ्टीचा पुट स्प्रेड विकताना मी काय पाळतो

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप चालवणाऱ्या आमच्यासारख्यांची अडचण जुनीच आहे. माल वेळेत द्यायचा आणि पैशांसाठी दोन-तीन महिने फोन करत बसायचं. म्हणून दर महिन्याला थोडंफार सुटणारं काहीतरी हाताशी असावं असं वाटतं, आणि त्याच ओढीनं आमच्यातले बरेच जण ऑप्शन विकायला येतात. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, त्यातला विकण्याचा हक्क म्हणजे पुट. ऑप्शन विकणाऱ्याला त्याची किंमत, म्हणजे प्रीमियम, आधीच मिळते, पण भाव उलटा गेला तर तोटा त्यानं सोसायचा. भाच्यानं परवा विचारलं, "मामा, आठवड्याला किती सुटतंय त्यात?" मी म्हटलं, "किती जाऊ शकतंय ते आधी विचार, मग बाकीचं सांगतो."

एक गोष्ट सुरुवातीलाच. आपल्याकडे इंडेक्स फंडावर ऑप्शन नसतात, निफ्टीसारख्या निर्देशांकावर असतात. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे समोरचा एक्स्पायरीआधी, मुदत संपायच्या दिवसाआधी, ते वापरू शकत नाही. सेटलमेंटही रोखीत होते. शेअरच्या ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष डिलिव्हरी अंगावर येऊ शकते, म्हणून त्या वाटेला मी जात नाही.

आता उदाहरण. समजा निफ्टी 25,000 वर आहे आणि महिन्याच्या एक्स्पायरीला दोन आठवडे आहेत. 24,500 चा पुट 80 ला विकला आणि 24,300 चा पुट 48 ला घेतला. वरचा विकून खालचा घ्यायचा, हाच पुट स्प्रेड. हातात आले 32. लॉट, म्हणजे एका सौद्यातली किमान संख्या, जानेवारी 2026 पासून 65 चा आहे, म्हणजे 2,080 रुपये. निफ्टी 24,500 च्या वर राहिला तर तेवढे आपले. 24,468 च्या खाली तोटा सुरू होतो. 24,300 च्या खाली कितीही गेला तरी तोटा 168 अंकांवर थांबतो, म्हणजे 10,920 रुपये, वर खर्च वेगळा.

हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि थोडा वेळ बघत बसा. एक पूर्ण फटका पाच पूर्ण कमाया खातो. दरवेळी एक्स्पायरीपर्यंत थांबायचं म्हटलं तर नुसतं बरोबरीत राहायलाही 100 पैकी 84 वेळा बरोबर यावं लागेल. ही काही गोकुळच्या दुधाची बिलं नव्हेत, दर दहा दिवसांनी खात्यावर पडायला. काही महिने येतील, एखादा महिना मागचं सगळं घेऊन जाईल, आणि हे मान्य असेल तरच पुढं वाचा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालात आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या काळात शेअर बाजाराच्या एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात निघाले होते.

किती लॉट करायचे हे मी प्रीमियमवरून ठरवत नाही, जास्तीत जास्त तोट्यावरून ठरवतो. एका व्यवहारात भांडवलाच्या साधारण दोन टक्क्यांहून जास्त जाता कामा नये. म्हणजे वरच्या उदाहरणात पाच लाखांवर एक लॉट. मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, मात्र त्याहून कितीतरी कमी लागतं आणि ब्रोकरचं ॲप आणखी लॉट करायला परवानगी देतं. लोक बुडतात ते नेमके इथे. मार्जिन पुरतंय म्हणून चार लॉट केले, की एका फटक्यात 43,680 जातात आणि ते भरून काढायला माणूस पुढच्या वेळी आठ करतो.

भांडवल खात्यात नुसतं पडून राहू नये म्हणून माझे निफ्टीबीज (निफ्टीचा फंड) आणि लिक्विडबीज (रोखीसारखा फंड) प्लेज केलेले, म्हणजे मार्जिनसाठी तारण ठेवलेले असतात. रात्रभर ठेवायच्या पोझिशनला निम्मं मार्जिन रोख किंवा रोखीसमान लागतं, ते काम लिक्विडबीज करतात. थोडी खरी रोकडही ठेवा. प्लेजमधून तोटा भागत नाही आणि बहुतेक ब्रोकरकडे खरेदीचा प्रीमियमही भागत नाही. शिवाय निफ्टी पडला की पुट स्प्रेड तोट्यात जातो आणि त्याच वेळी प्लेज केलेल्या निफ्टीबीजची किंमतही उतरते. दोन्ही बाजूंनी एकदमच आवळलं जातं. म्हणून मार्जिन काठोकाठ वापरू नका, निम्मं मोकळं राहू द्या.

ऑर्डरचा क्रम पाठच करा. आत जाताना आधी खालचा पुट विकत घ्यायचा, मग वरचा विकायचा. बाहेर पडताना उलट: आधी विकलेला परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा. क्रम चुकला तर काही क्षण उघडा पुट अंगावर राहतो, पूर्ण मार्जिन मागितलं जातं आणि ऑर्डर नाकारली जाऊ शकते. ॲपमधल्या बास्केटमध्ये दोन्ही ऑर्डर एकत्र टाकून मार्जिन आधी बघून घ्या. ऑर्डर लिमिटचीच, म्हणजे आपण भाव ठरवून दिलेली. सव्वानऊला बाजार उघडताना भाव फार विस्कटलेले असतात, मी साडेदहाच्या आधी हात लावत नाही.

विकायच्या पुटचा स्ट्राइक, म्हणजे त्याचा ठरलेला भाव, निवडताना डेल्टा (निफ्टी एक अंक हलला की पुटचा भाव किती हलतो तो आकडा) बघतो, 0.20 च्या आसपास. याचा ढोबळ अर्थ, एक्स्पायरीला निफ्टी त्या स्ट्राइकच्या खाली असण्याची शक्यता पाचात एक. इंडिया व्हीआयएक्स (बाजाराला किती चढउतार अपेक्षित आहे ते दाखवणारा आकडा) फार खाली असताना प्रीमियम इतका किरकोळ मिळतो की जोखीम घ्यावीशी वाटत नाही. तेव्हा मी बसून राहतो. "दर आठवड्याला काहीतरी केलंच पाहिजे" हा विचार या धंद्यात सगळ्यात महाग पडतो, मग उत्पन्न नियमित असो वा नसो.

32 ला विकलेला स्प्रेड 16 वर आला, म्हणजे 16 देऊन परत घेता आला, की मी बंद करतो. उरलेल्या 16 साठी पूर्ण जोखीम अंगावर ठेवण्यात अर्थ नाही. 64 वर गेला तरी बंद करतो. पण या दुसऱ्या नियमावर पूर्ण भिस्त ठेवू नका. 7 एप्रिल 2025 ला निफ्टी आदल्या बंदपेक्षा हजाराहून जास्त अंक खालीच उघडला. मधल्या भावाला बाहेर पडायची संधीच नव्हती. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालादिवशी, तो जवळपास सहा टक्के पडला. अशा दिवशी स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्यावर बाहेर पडणं) नाही, घेतलेला खालचा पुटच तुम्हाला वाचवतो. चार पैसे वाचवायला तो गाळू नका आणि बाजार शांत दिसला म्हणून मध्येच विकूनही टाकू नका. निकाल, अर्थसंकल्प असले दिवस मी पोझिशनशिवाय काढतो.

सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी असते. आमच्या शॉपला सोमवारी सुट्टी, तेव्हा निवांत बसून मी सगळं सोमवारीच आवरतो. विकलेल्या ऑप्शनवर एक्स्पायरीच्या दिवशी दोन टक्के जादा मार्जिन लागतं, आणि निफ्टी स्ट्राइकजवळ असेल तर शेवटच्या तासात स्प्रेडचा भाव हा हा म्हणता बदलतो.

दुसऱ्याच्या हातात पासवर्ड देऊ नका. महिन्याला ठरावीक टक्के देतो म्हणून पैसे गोळा करणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात किती घरं रस्त्यावर आणली ते सगळ्यांनी पाहिलंय. बाजारात अशी हमी कुणीच देऊ शकत नाही.

राहिला कर. हे उत्पन्न धंद्याचं धरतात, सट्ट्याचं नाही. त्यासाठी आयटीआर-3 भरावा लागतो. इंटरनेट, ब्रोकरेज असे खर्च त्यातून वजा करता येतात. तोटा आठ वर्षं पुढं ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. म्हणून तोट्याच्या वर्षी तर सीएकडे जायला अजिबात उशीर करू नका, आणि जाताना ब्रोकरचं वर्षाचं टॅक्स स्टेटमेंट बरोबर न्या.