बॅकअप सुरू करण्याआधी सिमलिंकची झडती

बॅकअपच्या लॉगमध्ये सिम्बॉलिक लिंकच्या (सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलचा किंवा डिरेक्टरीचा पाथ सांगणारी छोटी फाइल) तक्रारी दिसू लागल्या की आज्ञेत एखादा पर्याय वाढवून त्या गप्प करण्याचा मोह होतो. परंतु बॅकअपमध्ये लिंक ही लिंक म्हणूनच ठेवायची की ती जिकडे बोट दाखवते ती मूळ फाइल घ्यायची, हे आधी ठरवलेले नसेल तर कोणताही पर्याय उपयोगी पडत नाही. फाइलींची प्रत करणाऱ्या आरसिंक या आज्ञेचा छोटा ए (लहान अक्षरातला) हा पर्याय लिंक जशीच्या तशी उचलतो, तर मोठा एल मूळ फाइलची प्रत करतो. अनेक फाइली एका फाइलीत बांधणारी टार ही आज्ञा मात्र काही न सांगताही लिंकच साठवते आणि मूळ मजकूर हवा असल्यास तिला छोटा एच द्यावा लागतो. संपूर्ण सर्व्हरचा बॅकअप असेल तर लिंक लिंकच राहू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण वेबसाइटसाठी मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्सएन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांत उत्तम दिसते. तेथील लाइव्ह डिरेक्टरीतल्या पेम फाइली (प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली) म्हणजे शेजारच्या अर्काइव्ह डिरेक्टरीकडे जाणाऱ्या लिंक असतात. केवळ लाइव्हचा बॅकअप घेतला तर हाती काही डझन बाइटच्या लिंक उरतात, कारण लिंकचा आकार म्हणजे तिच्यात लिहिलेल्या पाथची लांबी. किल्ली त्यात नसतेच. उलट मोठा एल लावला तर किल्ली मिळते, पण रिस्टोअरनंतर लिंकच्या जागी साध्या फाइली बसतात आणि ही प्रमाणपत्रे सांभाळणारा सर्टबॉट हा प्रोग्रॅम नूतनीकरणाला नकार देतो. म्हणून दोन्ही डिरेक्टऱ्या एकत्र आणि लिंकसह घ्याव्यात.

यानंतर रूट (सर्वाधिकारी) वापरकर्ता म्हणून फाइली शोधणाऱ्या फाइंड या आज्ञेला एक्सटाइप एल ही अट देऊन तुटलेल्या, म्हणजे जिचे लक्ष्यच अस्तित्वात नाही अशा लिंकची यादी काढावी. मोठा एल वापरला असता अशाच लिंकपाशी आरसिंक 'सिमलिंक हॅज नो रेफरंट' असे म्हणतो आणि शेवटी २३ हा एक्झिट कोड (आज्ञा संपताना मिळणारा निकालाचा आकडा) देतो; २४ आला तर प्रत होत असताना काही फाइली नाहीशा झाल्या एवढाच त्याचा अर्थ, त्याचे खापर लिंकवर फोडू नये. हीच तपासणी बॅकअपच्या प्रतीवर केली आणि तिथे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (डीएनएसच्या मांडणीची फाइल) तुटलेली दिसली, तर घाबरण्याचे कारण नाही. सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही नावे शोधणारी सेवा वापरणाऱ्या सर्व्हरवर ती लिंक रन डिरेक्टरीकडे जाते आणि ही डिरेक्टरी मेमरीत असल्यामुळे बॅकअपमधून वगळलेलीच बरी. 'टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स' ही तक्रार बहुधा फिरून स्वतःकडेच येणाऱ्या लिंकची असते, कारण एका पाथमध्ये ४० पेक्षा अधिक लिंक ओलांडायला कर्नल तयार नसतो. पाथचा प्रत्येक टप्पा दाखवणाऱ्या नेमआय या आज्ञेला छोटा एल देऊन तो पाथ दाखवला की गाठ कुठे पडली ते पायरीपायरीने दिसते.

आरसिंकला दिलेली मूळ डिरेक्टरी स्वतःच लिंक असेल तर पाथच्या शेवटच्या तिरक्या रेघेला (/) फार महत्त्व येते. रेघ नसेल तर एकटी लिंक पलीकडे जाते आणि बॅकअप काही क्षणांत, संशय यावा इतक्या सुखाने संपतो. रेघ असेल तर आतला मजकूर जातो. जिथे प्रत ठेवायची ती डिस्क फॅट किंवा एक्सफॅट फाइल सिस्टमची असेल तर तिच्यावर सिमलिंक तयारच होत नाही, तेव्हा तिथे टारची एकच फाइल ठेवावी.

रिस्टोअरची चाचणी त्याच सर्व्हरवर, वेगळ्या डिरेक्टरीत करताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. रूटपासून सुरू होणारा पूर्ण पाथ असलेली लिंक चाचणीच्या डिरेक्टरीतून उघडली तरी चालू सर्व्हरवरचीच फाइल उघडते, आणि बॅकअपमध्ये ती फाइल नसतानाही सर्व ठीक असल्याचा भास होतो. अशा लिंकचा पाथ रीडलिंक या आज्ञेने वाचावा आणि त्या पाथची फाइल चाचणीच्या डिरेक्टरीत खरोखर आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे. शक्य असल्यास ही चाचणी दुसऱ्याच रिकाम्या मशीनवर करावी.