कषाय कमी होत नाहीयेत? या चुका टाळा

क्रोध, मान (अहंकार), माया (कपट), लोभ हे जैन धर्मात सांगितलेले चार कषाय, म्हणजे आत्म्याला मळवणारे विकार. ही चार नावं पाठशाळेत सगळ्यांनीच घोकलेली असतात, पण ते खरंच कमी करायला गेलं की आपण त्याच त्याच जागी अडकतो, मीही अडकलोय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे राग गिळला की राग गेला असं धरून चालणं. आवाज चढला नाही, चेहरा शांत राहिला, झालं! गुणस्थानांचा, म्हणजे आत्मा शुद्ध होत जाण्याच्या चौदा पायऱ्यांचा क्रम आठवून बघा. उपशम श्रेणीने, म्हणजे कषाय दाबत चढणारा साधू अकराव्या गुणस्थानापर्यंत जातो, मोह पूर्ण शांत होतो आणि तरी तो तिथून खाली येतोच, कारण कषाय संपलेले नसतात, गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसावा तसे नुसते बसलेले असतात. क्षपक श्रेणीवाला ते मुळासकट संपवत जातो, म्हणून तो दहाव्यावरून थेट बाराव्यावर. तेव्हा आपला राग बसलाय की गेलाय हे बघायचं असेल तर ज्याच्यावर राग होता त्या माणसाचं कुणी कौतुक करताना आपल्याला आत काय होतं ते बघा, लगेच कळतं.

दुसरी चूक, राग आला की नाही एवढंच बघायचं. अहो तो येणारच, किती टिकला ते बघा. प्रत्येक कषायाच्या तीव्र ते सौम्य अशा चार पायऱ्या सांगितल्यात. क्रोधाचं म्हणाल तर अनंतानुबंधी म्हणजे दगडावरची रेघ, अप्रत्याख्यानी जमिनीची भेग, प्रत्याख्यानी वाळूतली रेघ आणि संज्वलन पाण्यावरची. श्वेतांबर कर्मग्रंथांत त्यांची मुदत अनुक्रमे आयुष्यभर, 1 वर्ष, 4 महिने आणि 15 दिवस अशी येते, आता पंधरा दिवसांचं पाक्षिक, चार महिन्यांचं चौमासी आणि वर्षाचं संवत्सरी प्रतिक्रमण (आपल्या दोषांची उजळणी करून पश्चात्ताप करणं) याच्याशेजारी ठेवून बघा. (दिगंबर परंपरेत अनंतानुबंधी सोडून बाकी तिघांच्या मुदती अजून कडक आहेत, संज्वलन तर अंतर्मुहूर्तच, म्हणजे 48 मिनिटांच्या आत.) माझ्या मोबाईलमध्ये एका नातेवाईकाशी झालेल्या भांडणाचा स्क्रीनशॉट होता, पुरावा म्हणून ठेवलेला, मधे एक संवत्सरी येऊन गेली, मिच्छामि दुक्कडम् म्हणत सगळ्यांची क्षमा मागून झालं, त्यांना सुद्धा म्हटलं, आणि स्क्रीनशॉट तिथेच! दगडावर रेघ मीच रोज गिरवत होतो की.

मान तर तपालाच चिकटतो. अठ्ठाई (आठ दिवसांचा उपवास) झाली, पारणं झालं आणि कुणी विचारलं नाही म्हणून दोन दिवस मन खट्टू. श्वेतांबर कथेत पहिले तीर्थंकर ऋषभदेवांचे पुत्र बाहुबली वर्षभर ध्यानात उभे, अंगावर वेली चढल्या, पण आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन कसं करू एवढं एक आत राहिलेलं. त्यांच्या बहिणी ब्राह्मी आणि सुंदरी येऊन म्हणाल्या, भाऊ, हत्तीवरून (म्हणजे अहंकारावरून) खाली उतरा. ते वंदनाला जायला पाऊल उचलतात काय आणि केवलज्ञान होतं. वर्षभराच्या तपाने जे हललं नाही ते एका पावलाने हललं, मला ही कथा दरवेळी हलवून जाते.

मायेचं थोडक्यात सांगतो, आलोचना, म्हणजे आपल्या दोषांची कबुली देताना गुरूंसमोर छोटा दोष सांगून मोठा झाकला तर ती आलोचनाच माया झाली.

आणि लोभ म्हणजे फक्त पैसा नाही. क्रोध, मान, माया नवव्या गुणस्थानात संपतात, सूक्ष्म लोभ मात्र दहाव्यापर्यंत टिकतो, त्यामुळे 'मी पैशाच्या मागे नाही' म्हणून हा विषय सोडून देऊ नका.

अजून एक, सगळ्याला उपवास हेच औषध नाही. क्रोधाला क्षमा, मानाला मार्दव (नम्रता), मायेला आर्जव (सरळपणा), लोभाला संतोष असा ज्याचा त्याचा उतारा सांगितलाय. ज्याचा मान मोठा त्याने उपवास वाढवण्यापेक्षा ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याकडे आधी जावं. चारही एकदम धरू नका, एकच घ्या, संध्याकाळच्या प्रतिक्रमणात त्या दिवशी तो कधी आला आणि किती वेळ थांबला तेवढं आठवा. तो स्क्रीनशॉट मी असाच एका रात्री डिलीट केला, तरी पुढचे काही दिवस बोट सवयीने गॅलरीतच जायचं.