कथा, पुनर्लेखन आणि करारनाम्यावरची सही

पुण्यात कथा लिहू लागणाऱ्याला वातावरणाची उणीव भासत नाही. टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, अप्पा बळवंत चौकात पुस्तकेच पुस्तके आहेत आणि 1909 च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा आजही नव्या नावांना जागा देते. मात्र अंकांचे साहित्य पावसाळ्यातच ठरत जाते, त्यामुळे कथा उन्हाळ्यात हातावेगळी करावी.

झटपट कथालेखन शिकवणाऱ्या वर्गांवर माझा विश्वास नाही. गुरू शोधण्यापेक्षा तुमच्या खर्ड्यावर निर्दयपणे शिसपेन्सिल चालवणारा एक वाचक मिळवा आणि कथा त्याला मोठ्याने वाचून दाखवा. ‘मी उद्या कामावर उपस्थित राहणार नाही’ असे हडपसरच्या कारखान्यातला मुलगा म्हणत नाही. तो ‘उद्या सुट्टी टाकतो’ एवढेच म्हणतो, आणि हा फरक डोळ्यांआधी कानाला कळतो. पहिली काही वर्षे कथा परत येतील. त्याने खचू नका. परत आलेली कथा पुन्हा लिहिता येते.

सही मात्र परत घेता येत नाही. माझ्या पहिल्या संग्रहाच्या करारनाम्यात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशी एकच ओळ होती, आणि त्यातली कथा कुठे द्यायची तर आजही मला परवानगी मागावी लागते, याचा सल गेलेला नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे लिहिलेल्या कथेचा पहिला मालक लेखकच असतो आणि लेखी, सहीनिशी दिल्याशिवाय हक्क हस्तांतरित होत नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो, आणि वेगळे ठरलेले नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क लेखकाकडे परततो. म्हणजे करार गप्प असेल तेथे कायदा लेखकाची बाजू घेतो. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द लिहिला गेला की मुदतीचे ते संरक्षण संपते. लेखकाच्या मृत्यूनंतरही हक्क 60 वर्षे टिकतो, तेव्हा ही सही वारसांनाही बांधते.

म्हणून मराठी छापील आवृत्तीचा, मुदत घातलेला परवानाच द्यावा. अनुवाद, नाट्य व चित्रपट रूपांतर, ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करून घ्यावा, आणि मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर आहे की प्रत्यक्ष विक्रीवर, हे स्पष्ट लिहून मागावे. संकोच वाटेल, पण असे विचारले म्हणून चांगला प्रकाशक हस्तलिखित परत करत नाही. दिवाळी अंकाला कथा देतानाही ती एकदाच छापण्यासाठी देत आहोत, असे ई-मेलमध्ये दोन ओळींत कळवावे आणि संपादकांचे होकाराचे उत्तर जपून ठेवावे. पुढे संग्रहाची जुळवाजुळव करताना तेच उत्तर उपयोगी पडते.