गाडीवर रेडिओचा अँटेना: माउंट कसा निवडावा

बोलता-ऐकता येणाऱ्या रेडिओचा अँटेना गाडीवर ज्या आधारावर बसतो तो माउंट. तो निवडताना आधी गाडीचा पत्रा बघावा, अँटेनाची जाहिरात नंतर. क्वार्टर-वेव्ह (तरंगलांबीच्या पाव लांबीच्या) अँटेनाची उभी दांडी म्हणजे निम्माच अँटेना. उरलेला निम्मा म्हणजे तिच्या बुडाशी पसरलेला पत्रा. या दोन निम्म्यांची विजेच्या दृष्टीने पक्की गाठ घालणं हे माउंटचं पहिलं काम, दांडी धरून ठेवणं हे दुसरं.

१४५ मेगाहर्ट्झला क्वार्टर-वेव्ह दांडी साधारण ४९ सेंटिमीटर भरते. तिच्या चहूबाजूंना निदान तेवढाच पत्रा हवा आणि तो टपाच्या मधोमधच मिळतो. कोपऱ्यात बसवलेला अँटेना ज्या दिशेला पत्रा जास्त त्या दिशेला झुकतं माप देतो: मागच्या डाव्या कोपऱ्यावर असेल तर पुढे उजवीकडे सिग्नल जोरदार, मागे डावीकडे कमजोर. ४३५ मेगाहर्ट्झला दांडी १६-१७ सेंटिमीटरचीच असल्यामुळे डिकीचं झाकणही पुरतं. शिवाय ५० वॅटचा रेडिओ असेल तर टपाच्या मध्यावरच्या अँटेनापासून आतल्या माणसांना पत्र्याचा आडोसा मिळतो. खिडकीशेजारच्या अँटेनाला तो नसतो.

भोक पाडून बसवलेला माउंट

गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: टपाला भोक पाडा आणि एनएमओ माउंट (भोकात पक्का बसणारा, वर आट्यांनी अँटेना लागतो असा) बसवा. नेहमीच्या एनएमओला १९ मिलिमीटरचं भोक लागतं.

आधी आतला दिवा काढून छताचं अस्तर थोडं खाली घ्या आणि टपाच्या आडव्या पट्ट्या कुठे आहेत ते पाहा. टपाच्या कडेने जाणाऱ्या पडदा-एअरबॅगच्या आसपास ड्रिल नेऊ नका, केबलही तिच्यावरून ओढू नका. जागा ठरली की वरून मास्किंग टेप लावा, पंचने खूण करा, ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि मग खोली अडवणारी कडा असलेला होल सॉ (गोल भोक कापणारी दातेरी वाटी) हळू वेगाने चालवा. साध्या होल सॉने पत्रा संपताच अस्तर फाटतं. दात्यांना ग्रीस लावलं की लोखंडी किस त्यालाच चिकटतो. उरलेला व्हॅक्युमने ओढून घ्या, कारण रंगावर पडून राहिलेला किस पहिल्याच ओलाव्यात गंजतो.

भोकाची कड घासून तिला प्रायमर लावा. वरचा रंग खरवडायचा नाही. खालच्या बाजूने मात्र माउंटचे दाते टेकतात तेवढं कडं उघड्या पत्र्यापर्यंत घासा. ते राहिलं तर अर्थिंग कच्चं राहतं आणि पुढे एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं बरं) का नाचतोय याचा पत्ता लागत नाही. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा, वरची रिंग हाताने आवळून मग पान्याने किंचितच फिरवा. फार आवळली तर ओ-रिंग चेपते आणि पाणी आत येतं. अँटेना काढून ठेवाल तेव्हा रबरी टोपी लावायला विसरू नका.

मॅग्नेट माउंट

चुंबक पत्र्याला चिकटतो, पण मध्ये रंग असल्यामुळे थेट संपर्क होत नाही. चुंबकाचं बूड, रंग आणि पत्रा मिळून एक कपॅसिटर बनतो. ९-१० सेंटिमीटर व्यासाच्या बुडाचा हा कपॅसिटर १४५ मेगाहर्ट्झला काही ओहमांचाच अडथळा करतो, म्हणून तिथे काम छान चालतं. ७ मेगाहर्ट्झला तोच अडथळा कित्येक दहा ओहमांवर जातो. मग सिग्नल केबलच्या जाळीवरून गाडीत शिरतो आणि माइकमध्ये घरघर येते. एचएफसाठी, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी, एकट्या चुंबकावर विसंबू नये.

अॅल्युमिनियमच्या, फायबरच्या किंवा काचेच्या टपावर चुंबक धरत नाही. अॅल्युमिनियम अर्थ म्हणून उत्तम चालतं, तिथे भोकाचा माउंट वापरा. चुंबकाखाली धूळ साचली की रंगावर चरे पडतात, म्हणून दर काही दिवसांनी उचलून दोन्ही बाजू पुसा. सरकवू नका, एका कडेने उचला.

डिकीच्या कडेचा क्लॅम्प

भोक नको असेल तर हा बरा पर्याय. याचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) झाकणाच्या आतल्या बाजूने रंग भेदून पत्र्यात रुतले पाहिजेत. मल्टीमीटरवर क्लॅम्प आणि पत्रा यांत १ ओहमपेक्षा कमी यायला हवा. पण झाकण गाडीला जोडलेलं असतं ते बिजागरांनी, आणि त्यांत ग्रीस, रंग, नायलॉनचे बुश असतात. म्हणून झाकणापासून बॉडीपर्यंत तांब्याच्या विणलेल्या पट्टीचा शक्य तितका आखूड तुकडा बोल्टने जोडा. लांब, जड अँटेना इथे लावला तर वाऱ्याच्या झोताने पातळ पत्रा वाकतो.

टपावरच्या रेलना बहुधा प्लास्टिकचे पाय असतात, म्हणजे रेल बॉडीपासून तुटलेली. तिथे अर्थची पट्टी ओढा किंवा पत्र्यावर न विसंबणारा हाफ-वेव्ह अँटेना लावा. काचेवर चिकटवायचा माउंट आम्ही सुचवत नाही: काचेत धातूचा थर असला तर सिग्नल बाहेरच पडत नाही, आणि नसला तरी थोडा वाया जातोच.

एचएफची गोष्ट निराळी. ७ मेगाहर्ट्झला पूर्ण क्वार्टर-वेव्ह १० मीटरची, गाडीवर मावते ती कॉइल लावलेली अडीच मीटरची. तिचा रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवर लहरी होऊन बाहेर पडते तो रोध) जेमतेम दोन-तीन ओहम असतो, त्यामुळे अर्थिंगमधला प्रत्येक ओहम पॉवर खातो. माउंट बॉडीला बोल्टने घट्ट जोडा आणि दारं, बॉनेट, डिकी, सायलेन्सरचा पाइप हे सगळं पट्ट्यांनी बॉडीला बांधून घ्या.

केबल आणि तपासणी

आरजी-५८ केबलच्या ५ मीटरमध्ये ४३५ मेगाहर्ट्झला जवळपास २ डेसिबल जातात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त पॉवर. म्हणून लागेल तेवढीच केबल ठेवा, उरलेलीचं वेटोळं करू नका. दारातून नेताना रबर जिथे मऊ आहे तिथून न्या आणि आत शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. केबल दारात चेपली की आतलं इन्सुलेशन सरकतं आणि एसडब्ल्यूआर चढतो.

एसडब्ल्यूआर मोजताना गाडी मोकळ्यावर, दारं व डिकी बंद. १.५ पर्यंत उत्तम, २ पर्यंत चालेल. त्यापुढे पुष्कळ रेडिओ पॉवर आपोआप कमी करतात. सर्वांत कमी एसडब्ल्यूआर हव्या त्या फ्रिक्वेन्सीच्या खाली मिळाला तर दांडी लांब आहे. १४५ च्या आसपास साडेतीन मिलिमीटर कापले की साधारण १ मेगाहर्ट्झ वर सरकतं, तेव्हा एका वेळी २ मिलिमीटरच कापा. सगळ्या फ्रिक्वेन्सींवर आकडा सारखाच वाईट दिसला तर दांडीला हात लावू नका. दोष अर्थिंगचा किंवा कनेक्टरचा असतो. क्लॅम्पचे स्क्रू पहिल्या काही आठवड्यांत हमखास सैल होतात, ते अॅलन कीने पुन्हा आवळून ओहम परत मोजा.