सड्यावरच्या क्रिकेटचं अनियतकालिक कसं काढावं

भातकापणी उरकली की देवगड-मालवणकडे कुठे मळ्यात, कुठे सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, पीच तयार व्हायला लागतात. पाठीवर ग्रामदेवतेचं नाव असलेले टी-शर्ट छापून येतात. आठवडाभर गॅरेजमध्ये हात काळे करणारा पोरगा शनिवारी संघाचा हुकमी बोलर असतो. दोन मॅचसाठी मुंबईहून रात्रीची गाडी पकडून येणारा चाकरमानी असतो आणि मोबाईल उभा करून यूट्यूबवर लाईव्ह दाखवणाराही असतो. या पोरांचे कपडे, शब्द, मानपान, हिरो सगळे स्वतःचे आहेत. छापील कागदावर मात्र 'अमुक संघ विजयी' एवढ्या दोन ओळीच येतात. ही उणीव भरून काढणारा सोळा पानांचा अंक तुम्ही काढू शकता.

एकच मैदान धरा

'कोकणातलं क्रिकेट' हा विषय घेऊ नका, हाती काहीच लागणार नाही. एक वाडी, एक संघ, एक स्पर्धा पुरे. आणि संपादन करणाऱ्यांत निदान दोघे खेळणारे हवेत. बाहेरच्याने कितीही प्रेमाने लिहिलं तरी पोरांना ते पाहुण्याने काढलेल्या फोटोसारखं वाटतं. वय आड येत नाही. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा तेही जेमतेम विशीचे होते.

वही घेऊन बांधावर बसा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिले दोन रविवार फोटो काढूच नका, नुसतं ऐका. रोलर कोणाकडून येतो, प्रवेश फी कोण भरतो, स्कोअर कोण लिहितो, लॉट्स पाडताना, म्हणजे चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरवताना, कोणाचा शब्द चालतो, हे विचारा. प्रत्येक मैदानाचे आपले नियम असतात. कुठे 'बॉल गडग्याभायर (दगडी कुंपणाबाहेर) गेलो तर आउट', कुठे माडाला लागला तर दोनच धावा. हे नियम कुठेही लिहिलेले नसतात. ते जसेच्या तसे उतरवून घेतलेत तर अंकाचं एक पान तिथेच तयार झालं.

चेंडूकडे नीट बघा. सड्यावर दोन ओव्हरी खेळल्या की पिवळा चेंडू जांभ्याच्या धुळीने तांबूस होतो, लव झिजते, शिवणीत माती बसते. टेनिसचा चेंडू साधारण ६.७ सेंटीमीटरचा असतो आणि आपल्या अंकाच्या ए-५ पानाची (ए-४ मधोमध दुमडून होणाऱ्या) रुंदी असते १४.८. म्हणजे तो खऱ्या मापात पानावर आरामात बसतो. तसाच छापा, खाली एकही ओळ नको. ज्याने करवंदीच्या जाळीत हात घालून असे चेंडू शोधलेत, त्याला ते पान पुरेल.

मुलींना विसरू नका. खळ्यात भावांबरोबर बोलिंग टाकणारी मुलगी दहा-अकराव्या वर्षानंतर मैदानावर का दिसत नाही, हे तिलाच विचारा आणि तिच्याच शब्दांत छापा. माझ्या मते ज्या अंकात हे पान नाही, तो अंक अर्धाच.

भाषा घासूनपुसून घेऊ नका

'अरे मेल्या, धावतंस खंय!' याचं 'अरे, तू कुठे धावतोस?' केलंत की माणूसच पानातून उठून जातो. मुलाखती मालवणीत आल्या तर मालवणीतच ठेवा. समालोचकाची पाच मिनिटं रेकॉर्ड करून शब्द न् शब्द उतरवा. त्याची लय तुम्हाला बसल्या जागी सुचणार नाही.

रूप त्यांच्याच वस्तूंतून घ्या

अक्षरं शोधायला दूर जायला नको. स्पर्धेचा फ्लेक्स, टी-शर्टवरचे आकडे, आंब्याच्या पेटीवरची नावं, होडीवर रंगवलेलं नाव, या सगळ्यांचे फोटो काढून भिंतीवर लावा. अंकाचं नाव गावातल्या रंगाऱ्याकडून किंवा चांगलं अक्षर असलेल्या पोराकडून हाताने काढून घ्या. मथळ्यांना 'बलू' आणि मजकुराला 'मुक्त' हे 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट चांगले चालतात, मोफतही आहेत. मजकूर ११ पॉइंट, ओळींतलं अंतर १६ ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात.

रंग दोनच: काळा आणि जांभ्याचा लाल. हा लाल स्क्रीनवर तेजदार दिसतो आणि कागदावर चॉकलेटी होऊन बसतो, म्हणून एका पानाची चाचणी छपाई करा आणि ते पान दगडाशेजारी ठेवून बघा. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की बारीक होतात. डॉक्युमेंट म्हणून मागवा. छापील मापाला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, हवेत.

छपाई

ए-४ कागद मधोमध दुमडून पिना मारायच्या, म्हणजे पानांची संख्या चारच्या पटीत हवी. चार कागदांत सोळा पानं होतात. आतला कागद ९० ते १०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), कव्हर थोडं जाड. आधी कोऱ्या कागदांची डमी दुमडून प्रत्येक पानावर पेन्सिलीने काय येणार ते लिहा. फाईल पीडीएफ करूनच द्या. आमच्या पहिल्या अंकाची उघडी फाईल छपाईच्या वेळी जुन्या फॉन्टमध्ये फिरवली गेली आणि 'कार्यकर्ता'चे दोन्ही रफार उडाले. शंभर प्रतींवर आम्ही पेनाने रफार दिले.

ठरावीक काळाने निघणाऱ्या नियतकालिकाला २०२३च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. जमेल तेव्हा काढायचा अंक असेल तर कव्हरवर 'अनियतकालिक' लिहा आणि महिन्या-तिमाहीचं वेळापत्रक जाहीर करू नका.

छापण्याआधी डमी घेऊन मैदानावर जा. ज्याचा फोटो, ज्याचं बोलणं, त्याला दाखवा. अठराच्या आतल्यांसाठी घरच्यांना विचारा. कोणी 'ह्या नको' म्हणाला, तर कितीही छान असलं तरी काढा. भांडणाची, हरल्याची, गुडघा निकामी झाल्याची गोष्ट मात्र त्याची तयारी असेल तर जरूर ठेवा.

अंक फायनलच्या दिवशीच, चहा-वडापावच्या टपरीशेजारी विकायला ठेवा. प्रत्येक संघाच्या किटमध्ये दोन प्रती टाका, एक गावच्या वाचनालयात द्या. शेवटची दोन पानं स्कोअरबुकासारखी आखून कोरी सोडा. पुढच्या मोसमात भरलेली पानं गोळा करा, नवा अंक त्यांच्यापासून सुरू करता येईल.