युद्धकाळात घर सोडलेल्या मुलांच्या आठवणी: काळ आणि ठिकाण कसे नोंदवावे

दुसऱ्या महायुद्धात घर सोडावे लागलेली मुले आज नव्वदीच्या आसपास आहेत. म्हणून कोल्हापूर परिसरात ज्यांच्या घरी असे आजी-आजोबा आहेत, त्यांनी आठवणी नोंदवण्याचे हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.

‘कोणत्या साली?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारू नये. पाच वर्षांच्या मुलाला सन ठाऊक नसतो, आणि आज सांगितला जाणारा सन बहुधा मागाहून मोठ्यांकडून ऐकलेला असतो. गुऱ्हाळे चालू होती का, जोतिबाची यात्रा होऊन गेली होती का, धाकटे भावंड कडेवर होते की चालत होते, असे विचारावे. त्यातून ऋतू आणि वय हाती लागते. मग पक्क्या तारखांशी ताळा करावा. मुंबई गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, तर कोल्हापुरातली जाळपोळ ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतरची.

प्रवासाचे तपशील फार मोलाचे असतात. ‘वाटेत रात्रभर फलाटावर बसलो, पुढची गाडी लहान होती,’ असे आजी म्हणाल्या, तर त्या मुंबईहून आल्या असण्याला बळ मिळते. कारण पुण्यापुढे कोल्हापूरच्या बाजूला तेव्हा मीटरगेज (कमी रुंदीचे रूळ) होते आणि कोल्हापूरला येताना पुण्यात गाडी बदलावी लागे.

ठिकाणाबाबत खरी कसोटी कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाची आहे. सोव्हिएत सत्तेने सायबेरिया-कझाकस्तानात धाडलेले आणि तिथून इराणमार्गे सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. त्यामुळे तेव्हा गावात लहान असलेल्यांच्या सांगण्यात ‘कॅम्पातली माणसे’ या दोन शब्दांत दोन वेगळे काळ मिसळलेले असू शकतात. माणसांचा पेहराव, बोली, प्रार्थनेची जागा विचारल्याशिवाय तिथे सन लिहूच नये.

कोरा कागद देऊन घर, विहीर, रूळ काढायला सांगावे. लहानपणी लांब वाटलेली वाट नकाशावर जवळ निघाली, तरी आजोबांचे चित्र दुरुस्त करू नये. वहीच्या डाव्या पानावर त्यांचे शब्द जसेच्या तसे, उजव्या पानावर आपली पडताळणी लिहावी. भावंडे हयात असतील तर प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे. एकत्र बसवल्यास थोरल्याची आठवण सर्वांची होऊन बसते.